आधी वही घ्या, वेळापत्रक नंतर

गेल्या अंकात मी ओझरतं लिहून गेले होते, की माझी दोन्ही मुलं दहावीपर्यंत घरीच शिकली. त्यावर संपादकांकडे पत्रांचा गठ्ठा आला आणि त्यांनी तो माझ्याकडे वाईला धाडला. आधी हायस्कूलवर गणित शिकवत होते, पुढे नोकरी सोडली आणि मुलांना घेऊन बसले, एवढीच माझी पात्रता. बहुतेक पत्रांत दोनच गोष्टी विचारल्या आहेत: घरशाळा सुरू कशी करायची, आणि सुरू केलेली नीट कशी करायची. त्यांतली सहा पत्रं इथे घेतली आहेत. नावं मुद्दाम गाळली आहेत.

संगमनेरहून एक आई: ताई, मुलगा सात वर्षांचा आहे, पहिली झाली. जूनपासून घरीच शिकवायचं नक्की केलंय. सकाळी आठ ते दुपारी एक, प्रत्येक विषयाला चाळीस मिनिटं, असं वेळापत्रक केलं आहे. तक्ते, फ्लॅशकार्ड, गणिताचं एक किट, छोटं बाक-टेबल अशी बारा हजारांची यादी झाली. यातलं आधी काय घेऊ?

यातलं काहीच नको. एक दोनशे पानी वही घ्या. आणि स्वयंपाकघरात नसेल तर ग्रॅममध्ये मोजणारा वजनकाटा घ्या. त्याच्याइतकं गणित आणि विज्ञान कुठल्याही किटात मिळत नाही.

चाळीस मिनिटांचा तास शाळेने केला तो शाळेच्या सोयीसाठी. समोर चाळीस पोरं, पाठीमागे पुढच्या तासाचे मास्तर, वर घंटा. तुमच्यासमोर एकच पोरगं आहे. त्याचं वाचन वीस मिनिटांत उरकेल, आणि एखाद्या दिवशी ते बिघडलेली बॅटरी उघडून तीन तास बसेल. तुमच्या वेळापत्रकात त्या तीन तासांना जागा नाही. मग तुम्ही नऊ वाजून वीस मिनिटांनी बॅटरी हिसकावून घ्याल आणि मराठीचं पुस्तक पुढे ठेवाल. म्हणजे शाळा सोडून शाळाच घरी आणली, वर हजेरी घेणारी आई!

म्हणून म्हणते, आधी वही. रात्री जेवणं झाली की दहा ओळी लिहायच्या. आज काय केलं? ‘मराठी: वाचन’ असं मोघम नको, कुठली गोष्ट, कुठल्या पानापर्यंत, कुणी वाचली, ते लिहा. काय विचारलं? ते त्याच्याच शब्दांत, व्याकरण न सुधारता. कुठे अडला किंवा कुठून उठून पळाला? बस. गुण नाहीत, ‘छान’ नाही, ‘आज आळशीपणा केला’ नाही. विशेषणांना या वहीत बंदी. ‘आळशी’ लिहिलंत की महिन्याने वाचताना तुम्हाला फक्त तुमचा राग दिसेल, पोरगं दिसणार नाही.

एखादं पान कसं असतं ते सांगते. ‘सोमवार. बाजारात वांगी साठ रुपये किलो. पाव किलोचे किती ते बोटांवर मोजून सांगितलं, वीस म्हणाला. साठाचे तीन वाटे केले होते. मी काही बोलले नाही, भाजीवाल्या मावशींनी पंधरा घेतले तेव्हा पाच रुपये उरले कसे म्हणून घरी येईपर्यंत विचार करत होता. विचारलं: पाव म्हणजे चार, मग चहाबरोबरचा पाव चार का नसतो? संध्याकाळी शुद्धलेखनाला बसवलं, चौथ्या ओळीला पाणी प्यायला गेला तो आलाच नाही.’ या पानावरून उद्या काय करायचं ते आपोआप कळतं: एक भाकरी घ्यायची, चार वाटे करायचे. आणि शुद्धलेखन तीनच ओळी.

असा महिनाभर लिहा. मग एका रविवारी सगळं सलग वाचा. पोरगं सकाळी कामाचं की संध्याकाळी, किती वेळ एका जागी टिकतं, कशाने खुलतं, हे तुमच्याच अक्षरात लिहिलेलं सापडेल. वेळापत्रक करायचंच असेल तर त्यावरून करा. बहुतेकांना मग ते करावंसं वाटत नाही, हा भाग वेगळा.

पहिले काही आठवडे तो काहीच करणार नाही, लोळेल, कंटाळा आला म्हणेल. करू द्या. वर्षभर कुणीतरी सांगेल तसं चालण्याची सवय लागलेलं पोरगं स्वतःहून एखादी गोष्ट धरायला वेळ घेतंच. फक्त त्या काळात हातात मोबाइल नसावा, नाहीतर कंटाळ्याचं पुढे काही होत नाही.

साहित्याचं म्हणाल तर फुकटचं इतकं आहे की आयुष्य पुरणार नाही. बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये त्यांच्या संकेतस्थळावर आहेत. ‘किशोर’ मासिक १९७१ साली निघालं, त्याचे जुने अंकही तिथे वाचायला मिळतात. अरविंद गुप्तांनी काडेपेटी, सायकलची ट्यूब, रिकामी रिफिल असल्या वस्तूंपासून करायची शेकडो खेळणी त्यांच्या संकेतस्थळावर ठेवली आहेत, मराठीतूनही. आमच्या वाईत विश्वकोशाचं काम झालं, पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. आता ते खंड मोबाइलवर उघडतात. माझ्या मुलीने ‘ऊस’ शोधायला घेतलं की ती दुपारपर्यंत ‘उंदीर’वरून ‘उल्का’पर्यंत पोचलेली असायची. ऊस राहूनच जायचा.

आणि उद्याच सुरुवात करायची असेल तर मटकी भिजवा. कोरडी शंभर ग्रॅम त्यालाच मोजू द्या. रात्रभर भिजली की पाणी काढून पुन्हा मोजा, मोड आले की पुन्हा मोजा. वजन वाढलं ते कुठून आलं? फडक्यात बांधलेली आणि उघड्या ताटलीतली यांत फरक पडतो का? तीच मटकी डिसेंबरात भिजवली तर मोड यायला उशीर का होतो? तुम्ही उत्तरं सांगू नका. उसळ मात्र करा.

हडपसरहून एक वडील: मुलीला चौथीनंतर घरी शिकवायचं ठरवतोय. मुख्याध्यापक म्हणाले, हा गुन्हा आहे, तुमच्यावर केस होईल. खरं काय? आणि पुढे दहावीचं काय करायचं?

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम १० मध्ये सहा ते चौदा वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलं आहे. मात्र ते न केल्यास पालकाला अमुक शिक्षा, असं त्या कायद्यात कुठेही नाही. घरशाळेचं नावही त्यात नाही, ना परवानगी म्हणून ना बंदी म्हणून. या मोकळ्या पट्ट्यात घरशाळावाले राहतात. हे तुम्हाला साफ सांगितलेलं बरं; ‘कायद्याने शंभर टक्के मान्य आहे’ असं कुणी छातीठोक सांगितलं तर तेही खरं नाही, आणि ‘केस होईल’ हेही नाही.

दंड आहे तो मान्यता नसताना शाळा चालवणाऱ्याला, एक लाख रुपयांपर्यंत. तेव्हा शेजारची दहा मुलं गोळा करून, फी घेऊन, दारावर पाटी लावायचा मोह झालाच तर तो आवरा.

शाळा सोडल्याचा दाखला रीतसर मागून घ्या आणि मूळ प्रत सांभाळून ठेवा. कागदपत्रांच्या बाबतीत घरशाळावाले फार ढिले असतात आणि मग चौदाव्या वर्षी धावपळ करतात.

दहावीचे रस्ते तीन. पहिला, आपल्या राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म. खासगी विद्यार्थी म्हणून बसता येतं, तिथे हा दाखला लागतो. दुसरा, महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ. त्यांच्या पाचवी, आठवी आणि दहावीच्या समकक्ष परीक्षा असतात, म्हणजे तुम्हाला मधे कुठे ‘पोरगी खरंच शिकतेय का’ याची खात्री करायची असेल तर सोय आहे. तिसरा, एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शिक्षण संस्था, १९८९ साली सुरू झालेली. वय चौदा पूर्ण हवं, आठवीचं प्रमाणपत्र नसलं तर ‘मी या अभ्यासक्रमाइतकी तयारी केली आहे’ असं स्वतः लिहून देता येतं. माध्यम मराठी घेता येतं. पाच विषय, आणि एकदा नाव घातलं की पाच वर्षांत नऊ संधी. परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. पाचही विषय एकदम द्यायची सक्ती नाही. दोन ऑक्टोबरमध्ये उरकावेत, तीन एप्रिलमध्ये. माझ्या मते घरच्या मुलांना हाच मार्ग सोयीचा. ‘खुल्या शाळेतून केलं तर डॉक्टरकीचं दार बंद’ ही भीती पूर्वी खरी होती. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो प्रश्न निकाली निघाला आणि मान्यताप्राप्त खुल्या शाळेतून बारावी केलेल्यांना नीटला बसता येतं.

पण साहेब, मुलगी चौथीत आहे. दहावीच्या फॉर्मची चिंता जरा लवकर आहे. त्यापेक्षा तुमच्या पत्रात मला एक गोष्ट दिसली नाही, ती म्हणजे दिवसा घरी कोण असणार. ‘आम्ही शिकवणार’ असं लिहिलंय. त्या ‘आम्ही’मध्ये तुमचा विषय कोणता, ते आधी ठरवा.

गडहिंग्लजहून एक आजोबा, निवृत्त शिक्षक: नातू नाशिकला असतो, नऊ वर्षांचा. घरीच शिकवतात. दिवाळीत आला होता, सगळ्या पाहुण्यांसमोर मी बाराचा पाढा म्हणायला सांगितला, तर बारा त्रिक छत्तीसच्या पुढे गाडी जाईना. सूनबाई म्हणते, ‘समजलं की येतीलच.’ आमच्या पिढीला हे पटत नाही. आपण गणिताच्या शिक्षिका, मुलाला आणि सुनेला दोन शब्द सांगावेत.

गुरुजी, नमस्कार. दोन शब्द सांगते, पण त्यातला एक तुमच्यासाठी आहे.

पाढे पाठ हवेतच. याबाबतीत मी तुमच्या बाजूची. घरशाळावाल्यांत ‘पाठांतर म्हणजे पोपटपंची’ असं म्हणायची पद्धत पडली आहे, ती मला मान्य नाही. सात आठे छप्पन्न हे क्षणात आठवत नसेल तर अपूर्णांकात समान छेद काढताना सगळं लक्ष त्या गुणाकारातच खर्ची पडतं आणि मूळ मुद्दा हातातून निसटतो. समज आधी आली तर उत्तम, पण समज आली म्हणून पाढा आपोआप येत नाही. म्हणावा लागतो, मोठ्याने, रोज. सूनबाईंनी हे वाचावं.

आता तुमच्यासाठी. पाहुण्यांसमोर नको. घरी शिकणाऱ्या मुलाला नातेवाइकांच्या प्रत्येक कार्यक्रमात तोंडी परीक्षा द्यावी लागते. शाळेत जाणाऱ्या चुलत भावाला कुणी ‘पानिपतची तिसरी लढाई कधी झाली’ म्हणून विचारत नाही, याला मात्र वाढप्यापासून मामंजींपर्यंत सगळे विचारतात. त्यात ते पोरगं आईबापाच्या निर्णयाची बाजू लढवत असतं. नवव्या वर्षी!

तुमच्याजवळ जे आहे ते नाशिकमध्ये कुठल्याही शिकवणीत मिळणार नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण इथपासून साडेतीनपर्यंतचे जुने पाढे. सोळाची पाऊणकी बारा, सतराची दिडकी साडेपंचवीस, हे तुम्ही झोपेतही सांगाल. आजच्या शाळेतलं पोरगं त्यासाठी कागद मागतं. रोज संध्याकाळी दिवेलागणीला फोन करा. तुम्ही अर्धी ओळ म्हणायची, त्याने पुरी करायची. दर गुरुवारी उलट, त्याने विचारायचं आणि तुम्ही चुकलात तर दंड. दंड काय ते त्यालाच ठरवू द्या. बाराच्या पाढ्यावर थेट जाऊ नका. निमकीवरून सुरू करा, म्हणजे त्याला सोपं वाटेल, मग पावकी, दिडकी येईपर्यंत मूळ पाढ्याशिवाय अडतं हे त्याचं त्यालाच कळेल आणि तो आईला जाऊन सांगेल, मला बाराचा शिकव.

सूनबाई वही ठेवत असतील तर त्यात एक ओळ तुमच्या नावाची येईल. नसतील तर तुम्हीच ठेवा.

कोल्हापूरहून एक आई: मुलगी दहा वर्षांची. घरशाळेचं हे तिसरं वर्ष. पहिलं वर्ष फार सुंदर गेलं. आता रोज गणितावरून भांडण. ती रडते, मी ओरडते, ती दार आपटते. हे म्हणतात, ‘उद्या शाळेत घालतो दोघींना.’ तुम्ही एका व्याख्यानात सांगितलेली वही मी ठेवते, पण तिचं पुढे करायचं काय हेच कळत नाही. दोन महिन्यांच्या पानांच्या झेरॉक्स सोबत जोडल्या आहेत.

झेरॉक्स पाठवल्या हे फार बरं केलंत. असं पत्र शंभरात एक येतं. दोन दुपारी मी त्या पेन्सिल घेऊन वाचल्या आणि मला जे दिसलं ते सांगते.

भांडण झालं त्या प्रत्येक दिवशी तुम्ही वेळ लिहिली आहे. जवळजवळ सगळी साडेअकरा ते साडेबाराच्या मधली. त्याच पानांवर वरच्या ओळीत काय आहे? ‘सासूबाईंचं पथ्याचं झालं, डबा गेला, मग बसलो.’ म्हणजे तुम्ही पहाटेपासून उभ्या, ती भुकेली, आणि त्या मुहूर्तावर भागाकार. या वेळी मलाही कुणी भागाकार घातला तर मीही दार आपटेन.

दुसरं. भांडण ‘गणितावरून’ नाहीच. भूमितीच्या दिवशी भांडण नाही, तुम्ही रांगोळीचे ठिपके मोजले त्या दिवशी नाही. भांडणाची सगळी पानं दोन अंकी भाजकाच्या भागाकाराची आहेत. तिला गणित आवडत नाही असं तुम्ही पत्रात लिहिलंय. तुमचीच वही तसं म्हणत नाही. तिला तेवीसने भागायला आवडत नाही. तेवीस किती वेळा जाईल याचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून चुकतं, खोडावं लागतं, कागद फाटतो. एक महिना भागाकार पूर्ण बंद ठेवा. त्याऐवजी नुसते अंदाज: पाचशेत तेवीस साधारण किती वेळा? वीस? जास्त की कमी? खेळ म्हणून, चालता चालता, कागद न घेता. अंदाज बसला की मांडणी आठवड्यात येते.

तिसरं मला जास्त खुपलं. जुन्या पानांत तिचे प्रश्न आहेत, आणि काय प्रश्न आहेत! ‘रंकाळ्याचं पाणी वाहत नाही तर मासे कुठून आले?’ ‘देवीची पालखी शुक्रवारीच का?’ दुसऱ्या महिन्यापासून प्रश्नांची जागा कोरी आहे. ती विचारायची थांबली, की तुम्ही लिहायच्या थांबलात? बहुधा दोन्ही. घरशाळा सुधारायची म्हणजे नवं पुस्तक, नवा क्लास आणायचा असं सगळ्यांना वाटतं. मी आधी प्रश्नांच्या ओळी बघते. तिथे कोरं दिसलं की बाकी सगळं थांबवते. चार दिवस तिला काही शिकवू नका, नुसतं तिच्याबरोबर फिरा आणि तोंड बंद ठेवा.

चौथं, या दोन महिन्यांत माणसं तीनच: तुम्ही, ती आणि आजी. वडिलांचं नाव मला एकदाही सापडलं नाही. ‘शाळेत घालतो’ म्हणणाऱ्या माणसाला विषय द्यावा. अपूर्णांक त्यांचे. रविवारी सकाळी दोघांनी मिळून उकडीचे मोदक करावेत: वाटीभर पिठीला वाटीभर पाणी, एवढ्यात किती मोदक होतात ते आधी बघायचं आणि मग घरच्यांसाठी, शेजारच्यांसाठी किती पिठी लागेल ते तिने काढायचं. फुटले तरी चालतील. आणि शाळा ही शिक्षा म्हणून वापरू नका, असं त्यांना माझ्या वतीने सांगा. उद्या खरंच शाळेत जायची वेळ आली तर ते पोरगं गुन्हेगारासारखं जाईल.

मैत्रिणी कुठे आहेत? कोल्हापुरात मैदानाची वानवा नाही. संध्याकाळी तिला घराबाहेर काढा, खेळ कुठलाही चालेल, फक्त बरोबरीची पोरं हवीत आणि तिथे तुम्ही उभ्या नकोत. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालापासून तुमच्या गावात आहे, तिथे तिच्या नावाचं कार्ड काढा, पुस्तक तिचं तिने बदलून आणावं. आठवड्यातला एक दिवस तुमचा पूर्ण सुट्टीचा, तोही वहीत लिहायचा: ‘आज आई नव्हती.’

एक सांगायचं राहिलं. रडतानाचं वर्णन तुम्ही फार बारकाईने लिहिलंय. ही वही उद्या तिच्या हातात पडणार आहे. ती वाचेल असं समजून लिहा. आणि अशी पानं, असे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर जाऊ देऊ नका. तुम्ही मला पाठवलीत ती तिला विचारून पाठवली का?

पेनसिल्व्हेनियाहून एक आई: मुलगी आठ वर्षांची, तिसरीत. इथे घरशाळा करताना सगळ्याची नोंद ठेवावी लागते. नवरा म्हणतो, या कागदपत्रांनी मजाच जाते. आणि या सगळ्यात मराठी कुठे बसवू?

तुमच्या राज्याचे नियम अमेरिकेतल्या कडक नियमांपैकी आहेत. शेजारच्या न्यू जर्सीत शाळा-जिल्ह्याला कळवायचीही सक्ती नाही. तुम्हाला दरवर्षी १ ऑगस्टपर्यंत प्रतिज्ञापत्र, वर्षाला १८० दिवस किंवा प्राथमिकला ९०० तास, वाचलेल्या पुस्तकांच्या नावांसह रोजची नोंद, मुलीच्या लिखाणाचे नमुने, आणि वर्षअखेरीला मूल्यमापकाशी भेट. तिसरी, पाचवी आणि आठवीत प्रमाणित परीक्षाही. म्हणजे यंदा तुमची परीक्षा आहे, ती लक्षात असेलच.

नवऱ्याला म्हणावं, दोन वह्या ठेवू. सरकारी नोंद कोरडी, इंग्रजीत, दिवसाला तीन ओळी: तारीख, विषय, पुस्तकाचं नाव. ती पाच मिनिटांत होते. दुसरी वही मराठीत, तुमची, जिला कुणी विचारणार नाही. दोन्ही एकत्र केल्या तर तुम्ही मूल्यमापकाच्या डोळ्यांनी मुलीकडे बघायला लागाल, आणि मजा जाते ती तिथे. अमेरिकेत ही चळवळ वाढली तीच मुळी पालकांनी एकमेकांना लिहिलेल्या पत्रांवर. घरशाळेचे पुरस्कर्ते लेखक जॉन होल्ट यांनी १९७७ मध्ये सुरू केलेल्या वार्तापत्रात बराचसा मजकूर आईबापांचाच असे. आज अमक्याने हे केलं, तमकी इथे अडली. मजा त्यातच होती.

मराठीचं. सक्तीचे विषय इंग्रजीतून शिकवावे लागतात, पण त्यांतल्या संगीत, चित्रकला, आरोग्य, भूगोल यांत घरचं काय यावं हे तुमच्या हातात आहे. ओवी संगीतात जाते. तुमच्या यादीत एक विषय आहे जो मला फार आवडला: आगीचे धोके आणि आगीपासून बचाव, वर्षभर, नियमित. दिवाळीत पणत्या लावताना पदर, ओढणी कुठे असावी, तेल पेटलं तर पाणी का ओतायचं नाही, कढईवर झाकण का घालायचं, हे आजीकडून व्हिडिओ कॉलवर मराठीत ऐकून घ्या. मग तेच मुलीला इंग्रजीत सांगायला लावा आणि ‘अग्निसुरक्षा, ३० मिनिटं’ अशी नोंद निर्धास्त करा. खोटं काहीच नाही त्यात.

वाचन रोज एक पान, ‘किशोर’च्या जुन्या अंकांतून, तिने तुम्हाला वाचून दाखवायचं. चुकीचे उच्चार ताबडतोब सुधारू नका. मराठी म्हटली की आई टोकतेच, असं एकदा डोक्यात बसलं की ती इंग्रजीत उत्तर द्यायला लागेल.

रत्नागिरीहून, वय बारा: मावशी, मी कधीच शाळेत गेले नाही. आईबाबा चांगलं शिकवतात. पण मला शाळेत जायचंय. समोरच्या मुली गणवेश घालून जातात तेव्हा मला जावंसं वाटतं. आईला सांगितलं तर ती रडेल. काय करू?

सांग. आई रडली तर रडू दे, मोठी माणसं रडून गप्प होतात. तोंडाने जमत नसेल तर हाच अंक तिच्यापुढे ठेव, हे पान उघडून.

आईबाबांसाठी: पोरीला हवं असेल तर घालायचं. घरशाळा मुलासाठी असते, आपण घेतलेल्या भूमिकेसाठी नसते. तिने हे इतकं सरळ लिहिलं यावरून तुमचं शिकवणं वाया गेलेलं नाही, हे तुम्हाला कळायला हरकत नाही.

आता तुझ्यासाठी कामाचं. ज्या कायद्याबद्दल मी वर लिहिलंय, त्याच्याच कलम ४ मध्ये आहे, की कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला त्याच्या वयाला शोभेल त्या वर्गात घ्यायचं. म्हणजे तुला पहिलीत बसवता येणार नाही, सहावी-सातवीतच घ्यावं लागेल, आणि मागे पडलेलं भरून काढायला वेगळं शिकवण्याची जबाबदारीही शाळेची. प्रवेशासाठी चाचणी घेता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला तुझ्याकडे नाही, त्यावरूनही अडवता येत नाही. वर्षाच्या मधे गेलीस तरी घ्यावं लागतं, पण जूनमध्ये गेलीस तर सगळ्यांबरोबर सुरुवात होईल आणि जागेची ओळख सोपी जाईल. जन्माचा दाखला आणि आधार कार्ड घे, बाबांना बरोबर ने, आणि मुख्याध्यापकांनी काही विचारलं तर उत्तर तू दे, बाबांनी नको.

समोरच्या मुलींपैकी एकीला आधीच विचारून ठेव, मधल्या सुट्टीत ती कुठे बसते.